फळीवाला

रस्त्यानं चालणारी माणसं समोर बघतात, मोबाइलमध्ये बघतात, क्वचित एकमेकांकडेही बघतात. फळीवाला जमिनीकडे बघत चालतो. त्याचं काही हरवलेलं नसतं. त्याला फरशी बघायची असते. बँकेच्या दारातला ग्रॅनाइट, मॉलच्या मागचं गुळगुळीत अंगण, उड्डाणपुलाखाली नुकताच ओतलेला काँक्रीटचा पट्टा, यांतलं काहीही दिसलं की तो थबकतो, बुटाच्या टाचेनं घासून बघतो आणि डोळे अर्धे मिटून म्हणतो, "काय सरफेस आहे यार!" पेव्हर ब्लॉक दिसले की मात्र त्याच्या कपाळावर आठी चढते. महापालिकेच्या ठेकेदारावर चिडलेले नागरिक आपल्याकडे पुष्कळ. पण दोन पेव्हर ब्लॉकमधल्या फटीवर मनापासून चिडलेला नागरिक हा एकटाच.

हा प्राणी आता बऱ्याच शहरांत सापडतो. नेरुळच्या स्केटपार्कवर सापडतो, वांद्र्याच्या कार्टर रोडवर सापडतो, पुण्यात तर सापडतोच. आमच्या सोसायटीत तो बी विंगमध्ये सापडतो. वय अठरा ते अठ्ठावीसच्या दरम्यान काहीही. शिक्षण चालू असतं, नाहीतर नुकतंच संपलेलं असतं, नाहीतर संपायचं नाव घेत नसतं. काखेत फळी, म्हणजे स्केटबोर्ड. ती खाली ठेवली तर पायाखाली असते आणि उभी केली तर लिफ्टमध्ये आपल्या पोटाला लागते. "सॉरी काका," असं तो लगेच म्हणतो. फळीवाला अत्यंत नम्र असतो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच बोलणार आहे.

त्याच्या मावसबहिणीचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि हा गायब. आई शोधत हॉलच्या मागच्या दाराशी गेली, तर हा तिथे गुडघ्यावर बसलेला. "आई, हा व्हीलचेअरचा रॅम्प बघ. काय अँगल दिलाय!" आईनं मुठीतल्या सगळ्या अक्षता त्याच्याच डोक्यावर टाकल्या आणि ती परत गेली.

त्याचे दोन बूट एका वयाचे नसतात. म्हणजे घेतलेले एकाच दिवशी असतात, पण फळीसकट उडी मारायची तर पुढचा पाय फळीवरच्या खरखरीत कागदावर घासत न्यावा लागतो. त्यामुळे एका बुटाला महिन्याभरात करंगळीच्या बाजूनं भोक पडतं आणि दुसरा तसाच कोरा राहतो. भोकावर तो गोंद थापतो, गोंदावर जुन्या बुटाचं कातडं, त्यावर पुन्हा गोंद. घरात "बूट" हा शब्द निघाला की त्याचे वडील उठून गॅलरीत जातात. या मंडळींत डावा पाय पुढे ठेवणारे "रेग्युलर" आणि उजवा पाय पुढे ठेवणारे "गूफी". आमचा गूफी आहे. आजीला हे कळल्यावर ती म्हणाली, "बरंय की. उजवं पाऊल पुढे टाकतो, लक्ष्मी तरी येईल." अजून आलेली नाही. बुटांवरच जाते.

"शेवटची ट्राय" हे त्याचं सर्वांत खोटं वाक्य. "आई, आलोच, शेवटची ट्राय." मग पंधरा मिनिटांनी, "ही शप्पथ शेवटची." ट्राय म्हणजे जिन्याच्या चार पायऱ्यांवरून फळीसकट उडी, फळी हवेत गोल फिरून पायाखाली परत, आणि उतरल्यावर उभं राहणं. तिन्ही गोष्टी एकदम जमत नाहीत. पहिल्या दोन जमल्या की तो जमिनीवर आडवा पडल्यापडल्या ओरडतो, "जवळपास लागलीच होती!" आणि तिन्ही जमतात तेव्हा नेमका व्हिडिओ काढणाऱ्याचा मोबाइल भरलेला असतो. मग पुन्हा शेवटची ट्राय.

"हे काय असतं रे?" असं त्याला चुकूनही विचारू नका. त्याच्याजवळ दोन तास नेहमी मोकळे असतात. तो तुम्हाला सांगेल की फळी म्हणजे नुसती फळी नव्हे, कॅनेडियन मेपलचे सात पातळ थर एकावर एक चिकटवून दाबलेले असतात. चाकातलं बेअरिंग ६०८ नंबरचं, आतलं भोक आठ मिलिमीटर, बाहेरचा व्यास बावीस. मग तो कॅलिफोर्नियात जाईल. लाटा नसल्या की तिथल्या सर्फिंगवाल्या पोरांनी १९५० च्या दशकात फळीला चाकं ठोकली. १९७० च्या दशकात फ्रँक नॅस्वर्दीनं पॉलियुरेथेनची चाकं आणली आणि खडा आडवा आला की तोंडावर आपटणं कमी झालं. पुढे तिथे दुष्काळ पडला, बंगल्यांमधले पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि ही पोरं कुंपणावरून उड्या मारून त्या गोल तळांत घुसली. दुष्काळाबद्दल इतक्या आनंदानं बोलणारा माणूस महाराष्ट्रात मी दुसरा पाहिला नाही. त्यानंतर फ्लोरिडाचा ॲलन गेलफँड येतो, ज्यानं हातानं न धरता फळी हवेत नेली. मग टोनी हॉक, १९९९, सॅन फ्रान्सिस्को, हवेत अडीच गिरक्या. हे सांगताना तो स्वतः पार्किंगमध्ये अडीच गिरक्या घेतो आणि मागच्या स्कूटरचा आरसा फिरतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये मोमिजी निशिया तेराव्या वर्षी सुवर्णपदक घेऊन गेली आणि पुण्याची श्रद्धा गायकवाड २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत सुवर्ण घेऊन आली, ही दोन वाक्यं तो वडील ऐकत असतील तेव्हा मोठ्यानं म्हणतो.

दुपारी दोन ते चार सोसायटी आडवी झालेली असते आणि नेमकं तेव्हाच फळीची शेपटी जमिनीवर आपटते. टाक! मग घरंगळण्याचा आवाज. मग शांतता. ती शांतता सर्वांत वाईट, कारण पुढची टाक कधी येणार हे कळत नाही. सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली: "पार्किंगमध्ये दुचाकी व चारचाकी सोडून अन्य वाहन चालवू नये." फळीवाल्यानं खाली पेन्सिलीनं लिहिलं, "काका, हिला चार चाकं आहेत." सेक्रेटरींनी कागद बदलला. त्याच आठवड्यात फळीवाल्यानं घरात पडून असलेल्या मेणबत्त्या बागेच्या कट्ट्यावर नीट घासल्या, म्हणजे फळी कट्ट्यावरून सुळकन जाते. संध्याकाळी सेक्रेटरी पेपर घेऊन त्याच कट्ट्यावर टेकले आणि टेकता टेकता घसरून पुन्हा उभे राहिले. तेव्हापासून दोघांत एक थंड युद्ध आहे, आणि त्यात दोघांनाही मजा येते असा माझा संशय आहे.

फळ्या मोडतात. कितीही सात थर असले तरी चुकीच्या जागी पाय पडला की मधोमध दोन तुकडे. शहाणा माणूस फेकून देईल. फळीवाला ते तुकडे घरी आणतो, मागचा भाग घासतो, त्यावर पांढरा हात मारतो आणि रंगवतो. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून, जिभेचं टोक बाहेर काढून, संध्याकाळच्या संध्याकाळ. पहिल्यांदा आजीनं बघितलं तेव्हा विचारलं, "पाट कुणाचा रे? मुंज कुणाची आहे?" तिचंही बरोबर होतं. लाकडाच्या फळीवर चित्र काढायचं ते पाटावर आणि चौरंगावर, एवढंच आपल्या घरांना ठाऊक.

फळ्यांच्या चित्रांचं त्याचं एक वेगळंच पुराण आहे. कवट्या, हाडं, ज्वाळा यांशिवाय या लोकांचं पान हलत नाही. त्याच्या भिंतीवर एक निळा तुटका हात आहे, तळव्यात वासलेलं तोंड, दात, जीभ, सगळं. जिम फिलिप्स नावाच्या चित्रकारानं १९८५ मध्ये काढलेला तो "स्क्रीमिंग हँड", आणि जगातले सगळे फळीवाले त्याला ओळखतात. आजीला तो दृष्ट लागू नये म्हणून लावलाय असं वाटतं. फळीवाल्यानं तिचा गैरसमज दूर केलेला नाही, कारण त्यामुळेच तो हॉलमध्ये राहिला. त्याची स्वतःची चित्रं जास्त आपली असतात. उंदरावरून उतरून फळीवर बसलेला गणपती आणि मागून धावणारा चिडलेला उंदीर. नऊवारी नेसून कठड्यावरून घसरत येणारी एक बाई, जिचं नाक आणि चष्मा आमच्या तळमजल्यावरच्या काकूंचा आहे. काकूंनी ओळखलं. "पदर जरा सारखा कर," एवढंच म्हणाल्या, आणि फळी विकत घेतली.

ही फळी विकण्याची भानगड कुठून आली, ते सांगायला हवं.

त्यांच्या कंपूत एक मुलगा होता, सोळा वर्षांचा, सगळ्यांत उंच उडणारा. त्याचा गुडघा दुखायला लागला. फळीवाल्यांचे गुडघे दुखतातच. नडगीवर एक जागा शाबूत नसते. सगळे म्हणाले, पडला असशील. मलम झालं, गुडघ्याचा पट्टा झाला, कुणीतरी हाडवैद्याकडे नेलं, त्यानं चांगलं रगडून दिलं. दुखणं कमी होईना. रात्री जास्त व्हायचं. सूज आली. अखेर एक्स-रे काढला, पुढच्या तपासण्या झाल्या आणि एक लांबलचक शब्द घरात आला: ऑस्टिओसार्कोमा. हाडाचा कॅन्सर. भराभर उंची वाढते त्या वयात होतो, बहुतेकदा गुडघ्याच्या आसपास, आणि म्हणूनच खेळणाऱ्या पोरांमध्ये तो दुखापतीच्या मागे बेमालूम लपतो. पडल्यामुळे तो होत नाही. पडल्यामुळे आपल्याला कारण सापडतं, एवढंच, आणि आपण शोधायचं थांबवतो. मुलगा वाचला, पायही वाचला. केमोथेरपी झाली, हाडाचा तो भाग काढून धातूचा सांधा बसवला. उडी बंद. आता तो कंपूचा व्हिडिओवाला आहे, आणि मोबाइल भरलेला असतो म्हणून सगळ्यांच्या शिव्या खातो.

तेव्हापासून आमच्या फळीवाल्याला एक प्रश्न चिकटलाय. "किती दिवस झाले?"

तुम्ही लिफ्टमध्ये सहज म्हणता, पाठ धरलीय. "किती दिवस झाले?" वॉचमनच्या पोराचा ताप. "किती दिवस झाले?" त्याचा एक सिद्धांतही आहे. पडण्याचं दुखणं प्रामाणिक असतं, रोज थोडं कमी होतं. जे दोन आठवड्यांत कमी होत नाही, किंवा रात्री झोपेतून उठवतं, ते प्रामाणिक नाही, ते डॉक्टरला दाखवायचं. न पडता अंगावर निळे डाग उठतात आणि मूल पांढरंफटक दिसतं, दाखवायचं. मानेला गाठ आहे, दुखत नाही, म्हणून बरं वाटतंय, तरीही दाखवायचं. बेसिनचा नळ दुरुस्त करायला आलेला पोरगा गालात तोबरा भरून होता. याने त्याला तोंड उघडायला लावलं, तीन बोटं उभी जातात का बघ म्हणाला, आतला पांढरा चट्टा किती दिवसांचा आहे विचारलं. पोरगा वैतागला, "नळ करू का तोंड दाखवू?" पण पुढच्या खेपेला तोबरा बाहेर टाकून आला. नळ अजून गळतो. तो वेगळा विषय.

आजी म्हणते, "सर्दी झाली तर याच्यासमोर शिंकायची सोय राहिली नाही." खरं आहे. त्याचं अति होतं. दहा वेळा विचारतो, त्यातल्या दहा वेळा काही निघत नाही. हे त्यालाही कळतं. "निघू नये म्हणूनच विचारतो ना," म्हणतो, आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

बालकर्करोगाच्या जनजागृतीचा महिना सप्टेंबर. त्याची फीत सोनेरी. आता सप्टेंबरात आपल्याकडे बहुतेक गणपती असतात. मखर, तोरणं, झिरमिळ्या, सगळंच सोनेरी. त्यात एका फितीकडे कोण बघणार? फळीवाल्यानं सोसायटीच्या गणपतीत सांस्कृतिक कार्यक्रमाच्या रात्री दहा मिनिटं मागितली. मिळाली ती फॅन्सी ड्रेस आणि संगीत खुर्ची यांच्या मधली. समोर झाशीच्या तीन राण्या, एक टोमॅटो आणि खुर्च्यांवर डोळा ठेवून बसलेल्या महिला. त्यानं भाषण केलं नाही. पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि नडगी दाखवली. "ही जखम जिन्यावरची. ही कार्टर रोडची. ही आईनं लाटणं फेकलं त्याची." पोरं पुढे सरकली. मग म्हणाला, "यातली कुठलीच महिनाभर दुखली नाही. तुमची दुखली तर आईला सांगायचं. आईनं ऐकलं नाही तर आजीला. आजीनं ऐकलं नाही तर मला." टोमॅटोनं तिथल्या तिथे हात वर करून कोपर दाखवलं.

कॉलेजातला प्रसंग जरा अवघड होता. तिथे मुलांना त्यानं सरळ सांगितलं, पंधरा ते पस्तीस वयाच्या पुरुषांत जे कॅन्सर जास्त आढळतात त्यांत वृषणाचा आहे, लवकर सापडला तर बहुतेक जण बरे होतात, तेव्हा आंघोळ करताना महिन्यातून एकदा स्वतःला नीट तपासा. गाठ लागली, दुखत नसली तरी लाजू नका. सभागृहात आधी शांतता, मग जे व्हायचं ते हसू. प्राध्यापकांनी घड्याळ बघितलं. फळीवालाही हसला, पडायची सवय असलेल्या माणसाला हशाचं काय? कार्यक्रम संपल्यावर सगळे निघून गेले तरी एक मुलगा खुर्च्या सरळ करत उगाच मागे रेंगाळला. त्या दोघांचं काय बोलणं झालं, ते फळीवाल्यानं कुणालाच सांगितलेलं नाही. जो इतरांच्या सर्दीचीही जाहीर चौकशी करतो, तो इथे तोंड मिटून बसतो. मला त्याचं हे फार आवडलं.

रंगवलेल्या फळ्या तो या कामासाठी विकतो. देशभरातून मुलांना घेऊन आईबाप परळला टाटा मेमोरियलमध्ये येतात, उपचार महिनोन्‌महिने चालतात, आणि राहायचं कुठे हा प्रश्न औषधाइतकाच मोठा असतो. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, तरी फुटपाथवर पथारी पसरलेली कुटुंबं दिसतातच. फळ्यांचे पैसे अशा पोरांच्या रंगपेट्यांवर, प्रवासावर, कधी नुसत्या केळ्यांवर जातात. फ्लोरिडात माइक रॉजर्स नावाच्या स्केटरनं, स्वतः कॅन्सरमधून उठल्यावर, २००३ मध्ये "ग्राइंड फॉर लाइफ" काढलं. उपचारासाठी लांब जावं लागणाऱ्यांना ते मदत करतं. "म्हणजे ही आयडिया माझी नाही काका," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. आपली नाही हे आपणहून सांगणारा विक्रेता म्हणूनच धंद्यात मार खातो. भाव करताना मात्र एकच हत्यार काढतो. २०१९ मध्ये सदबीजच्या लिलावात सुप्रीम या ब्रँडच्या २४८ फळ्या आठ लाख डॉलरला गेल्या, आणि घेणारा होता सतरा वर्षांचा मुलगा. "तुम्ही तर काका, दीड हजारावर अडलाय." मी बाराशेवर आणलं. मग दोन हजार दिले. त्याचा हिशेब मला विचारू नका.

मी घेतलेल्या फळीवर टेरी फॉक्स आहे. कॅनडाचा तो पोरगा, याच हाडाच्या कॅन्सरनं उजवा पाय गेलेला, १९८० मध्ये कृत्रिम पायावर रोज जवळपास एका मॅरेथॉनइतकं अंतर धावत १४३ दिवस देश ओलांडत राहिला. फळीवाल्यानं त्याला घाटात धावताना काढलाय, पाठीमागे एसटी. एसटी कॅनडात कुठून आली असं मी विचारलं. "मागून येतेय काका, पोचेल."

दुसरी एक फळी विकायला नाही. तिच्यावर फक्त दोन आकडे आहेत, वर ८०, खाली ३०. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना आणि किशोरांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यांतली शंभरातली ऐंशीहून जास्त बरी होतात, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत तिसाहून कमी. कारणं अनेक: निदान उशिरा, किंवा चुकीचं, औषधं परवडत नाहीत, उपचार अर्धवट सुटतात. ही फळी त्यानं फाटकाशी टांगली. सेक्रेटरींना ती वेगमर्यादा वाटली. "ऐंशीनं कोण चालवतं इथे?" म्हणून ते तणतणत खाली आले. फळीवाल्यानं त्यांना कट्ट्यावर बसवलं, मेण नसलेल्या बाजूला, आणि आकडे समजावले. ते बराच वेळ बसले. उठताना म्हणाले, "फाटकाशी नको. लिफ्टजवळ लाव, तिथे लोक थांबतात." दुसऱ्या दिवशी स्वतः खिळा ठोकून दिला. वाकडा ठोकला.

म्हणून युद्ध संपलं असं समजू नका. पार्किंगमध्ये स्केटिंगला कायमची बंदी घालावी असा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत येतोय, आणि सूचक सेक्रेटरीच आहेत. दुपारच्या टाक-टाकनं माझीही झोप मोडते, तरी मी विरोधात मत देणार आहे. दोन ते चार बंद ठेव, एवढी अट घालून. तुमच्या सोसायटीत असा ठराव आला तर तुम्हीही जरा थांबून हात वर करा. आणि तुमच्या फळीवाल्यानं लिफ्टमध्ये "किती दिवस झाले?" असं विचारलंच, तर "काही नाही रे" म्हणू नका. दिवस मोजून खरा आकडा सांगा.